दोन छोट्या जाहिरात संस्था एकत्र येतात तेव्हा...

खारघर, कामोठे, कळंबोली आणि पनवेल या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जी नवी वस्ती उभी राहिली, तिच्याबरोबर जाहिरातीचा एक छोटासा व्यवसायही वाढत गेला. सिडकोने आखलेल्या सेक्टरांमध्ये इमारती उभ्या राहिल्या, त्यांच्या तळमजल्यावर दुकाने आली, कोचिंग क्लास आले, शाळा, रुग्णालये, सराफी पेढ्या आणि हॉटेले आली. या सर्वांना आपले नाव रहिवाशांपर्यंत पोहोचवायचे होते. प्रत्येकाला मुंबईतील बड्या जाहिरात संस्थेचे दर परवडणारे नव्हते. त्यातून एखाद्या व्यापारी संकुलाच्या पहिल्या मजल्यावरील गाळ्यात थाटलेली, पाच-दहा माणसांची जाहिरात संस्था जन्माला आली. पत्रक, होर्डिंग, वृत्तपत्रातील जाहिरात, दुकानाच्या उद्‌घाटनाचा फलक आणि अलीकडे समाजमाध्यमांवरील पान, अशी सगळी कामे ती एका छताखाली करते.

अशा दोन संस्थांनी एकत्र यावे काय, हा प्रश्न आज या व्यवसायात वारंवार चर्चिला जातो. त्यामागे कारणेही सबळ आहेत. नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर ते पेंधर हा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाला आणि तो खारघरमधूनच जातो. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. परिसराचे मोल वाढले तसे येथील बांधकाम प्रकल्पही मोठे झाले आणि मोठ्या प्रकल्पाचा विकासक साहजिकच मोठ्या जाहिरात संस्थेकडे वळतो. दुसरीकडे, छोटा दुकानदार गूगल किंवा मेटाच्या माध्यमांवर स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या कार्डाने पैसे भरून जाहिरात देऊ लागला आहे. वरचा ग्राहक मुंबईकडे आणि खालचा ग्राहक मोबाइलकडे, अशा कात्रीत मधली छोटी संस्था सापडली आहे. दोघांनी मिळून थोडे मोठे व्हावे, हा विचार या परिस्थितीत नैसर्गिक आहे. मात्र केवळ मोठे होण्याने ही अडचण सुटते काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

कमिशनचे गणित

त्यासाठी आधी या व्यवसायाचे अर्थकारण समजून घ्यावे लागेल. वृत्तपत्रीय जाहिरातीत परंपरेने संस्थेला पंधरा टक्के कमिशन मिळते. इंडियन न्यूजपेपर सोसायटी अर्थात आयएनएसची मान्यता असलेल्या संस्थेला वृत्तपत्रे हे कमिशन आणि ठरावीक मुदतीची उधारी देतात. ज्या संस्थेकडे ही मान्यता नसते, ती बहुधा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जाहिरात देते आणि कमिशनचा काही वाटा तिला सोडते. उधारीची सोय आकर्षक असली तरी तिच्यात एक मेख आहे. ग्राहकाने पैसे दिले नाहीत तरी वृत्तपत्राचे देणे संस्थेला चुकत नाही.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. कर बाजूला ठेवू. समजा, एक संस्था महिन्याला दहा लाख रुपयांच्या जाहिराती वृत्तपत्रांना देते. तिचे कमिशन दीड लाख रुपये आणि वृत्तपत्रांचे देणे साडेआठ लाख रुपये. आता दोन लाखांच्या जाहिराती देणाऱ्या एका ग्राहकाने हात वर केले, तर त्याच्या वाट्याचे एक लाख सत्तर हजार रुपये संस्थेला पदरचे भरावे लागतात. उरलेल्या आठ लाखांवर तिला मिळालेले कमिशन एक लाख वीस हजारच. म्हणजे पगार आणि भाडे देण्याआधीच संस्था पन्नास हजारांनी खड्ड्यात गेली. एका ग्राहकाची थकबाकी महिन्याची सगळी कमाई खाऊन टाकू शकते, हे या व्यवसायाचे खरे दुखणे आहे.

आता तेवढ्याच उलाढालीची दुसरी संस्था तिला येऊन मिळाली, असे धरू. वीस लाखांच्या उलाढालीत तोच ग्राहक बुडाला, तर उरलेल्या अठरा लाखांवर दोन लाख सत्तर हजार रुपये कमिशन मिळते आणि तोटा भरून काढल्यावर एक लाख हाती राहतात. धक्का बसतो, पण संस्था कोलमडत नाही. एकत्र येण्याचा हा फायदा खरा आहे.

मात्र त्याला एक अट आहे. दोन्ही संस्थांचे ग्राहक एकाच धंद्यातले असतील, तर हा फायदा मिळत नाही. दोघींचेही मुख्य ग्राहक बांधकाम व्यावसायिक असतील आणि घरांची विक्री मंदावली, तर दोन्हीकडची देणी एकाच वेळी थकतील. त्याउलट एकीकडे बांधकाम व्यावसायिक आणि दुसरीकडे क्लास व शाळा असतील, तर चित्र बदलते. घरांच्या आणि दागिन्यांच्या जाहिराती गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास दाटतात. क्लासच्या जाहिराती दहावी-बारावीच्या निकालांच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत येतात. एकाचा सुगीचा काळ दुसऱ्याच्या कोरड्या महिन्यांना आधार देतो. म्हणूनच दोन सारख्या संस्थांच्या एकत्र येण्यापेक्षा दोन पूरक संस्थांचे एकत्र येणे अधिक फलदायी ठरते.

प्रतिस्पर्धी ग्राहकांचा पेच

याच निष्कर्षाकडे नेणारे दुसरेही कारण आहे. जाहिरात व्यवसायाचा एक जुना संकेत असा की, एकाच संस्थेने दोन प्रतिस्पर्ध्यांचे काम करू नये. ग्राहक आपली किंमत, सवलत आणि जाहिरातीचा मुहूर्त संस्थेला आगाऊ सांगतो. ती माहिती प्रतिस्पर्ध्याच्या कानी जाणार नाही, या विश्वासावरच हा व्यवहार चालतो.

दोन संस्था एकत्र आल्या की हा संकेत एका रात्रीत मोडण्याची वेळ येते. १९८६ हे वर्ष त्याची साक्ष देते. त्या वर्षी लंडनच्या साची अँड साची या संस्थेने अमेरिकेतील टेड बेट्स ही मोठी संस्था विकत घेतली आणि प्रतिस्पर्धी ग्राहक एका मालकीखाली आल्यामुळे अनेक बडे ग्राहक तिला सोडून गेले. त्याच वर्षी बीबीडीओ, डीडीबी आणि नीडहॅम हार्पर या तीन अमेरिकी संस्था एकत्र येऊन ऑम्निकॉम हा समूह उभा राहिला. त्या समूहाने वेगवेगळ्या नावांच्या संस्था स्वतंत्रपणे चालू ठेवल्या. मालक एक, पण कार्यालये, माणसे आणि ग्राहक वेगळे, हा तोडगा पुढे जगभर रूढ झाला.

खारघरमधील दोन छोट्या संस्थांना मात्र हा तोडगा उपलब्ध नाही. जेथे एकच संगणक-रेखाटनकार दोन टेबलांवर काम करतो आणि मालकच सगळ्या ग्राहकांशी बोलतो, तेथे भिंत घालायची तरी कोठे? शेजारशेजारच्या सेक्टरांमध्ये प्रकल्प असलेले दोन विकासक दसऱ्याची सवलत योजना एकाच संस्थेच्या हाती देतील, ही अपेक्षा भाबडी ठरेल. त्यामुळे करारावर सह्या होण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापल्या ग्राहकांची यादी समोर ठेवणे आणि कोणता ग्राहक सोडावा लागेल हे ठरवणे अपरिहार्य आहे. दोन उलाढालींची बेरीज कागदावर दिसते तेवढी प्रत्यक्षात कधीच भरत नाही. सोडाव्या लागणाऱ्या ग्राहकांची वजाबाकी आधीच करून पाहिली, तर नंतर निराशा होत नाही.

नाव कोणाचे राहणार?

एकत्र येण्याचा इतिहास मुंबईला नवा नाही. गिरगावात १९०५ साली सुरू झालेली बी. दत्ताराम आणि कंपनी ही देशातील सर्वांत जुन्या जाहिरात संस्थांपैकी एक मानली जाते. त्यानंतरच्या शतकात मुंबईत असंख्य संस्था निघाल्या, जोडल्या गेल्या आणि विरघळल्या. मोहम्मद खान यांनी १९८३ मध्ये सुरू केलेली एंटरप्राइज आणि नेक्सस या दोन भारतीय संस्था पुढे एकत्र आल्या, तेव्हा दोन्ही नावे जोडून एंटरप्राइज नेक्सस असे नाव घेण्यात आले. कालांतराने ही संस्था बेट्स या आंतरराष्ट्रीय समूहाकडे गेली, तिचे नाव बेट्स एंटरप्राइज झाले आणि नेक्सस हे नाव मागे पडले.

अमेरिकेतील बीबीडीओचा जन्मही दोन संस्थांच्या मीलनातूनच झाला. १८९१ मधील जॉर्ज बॅटन कंपनी आणि १९१९ मधील बार्टन, डर्स्टाइन अँड ऑस्बर्न या संस्था १९२८ मध्ये एकत्र आल्या आणि चारही आडनावांची आद्याक्षरे जोडून नवे नाव तयार झाले. ते शतकभर टिकले. सगळ्याच नावांचे भाग्य असे नसते. ऑम्निकॉमने २०२५ च्या अखेरीस इंटरपब्लिक हा प्रतिस्पर्धी समूह विकत घेतल्यानंतर, १९४९ पासून चालत आलेले डीडीबी हे नाव निवृत्त करण्याचा निर्णय जाहीर केला.

स्थानिक संस्थेच्या बाबतीत हा प्रश्न केवळ भावनेचा नसतो. खारघरचा दुकानदार बहुधा संस्थेचे नाव घेऊन येत नाही. तो मालकाच्या ओळखीने येतो. पाटी बदलली तरी ओळखीचा माणूस तोच आहे, याची खात्री त्याला हवी असते. म्हणून काही काळ दोन्ही नावे चालू ठेवावीत आणि ग्राहकांना जाणारे पहिले पत्र दोन्ही मालकांच्या सह्यांचे असावे, हे शहाणपणाचे. पुढे एखादे नाव गाळायचे असल्यास त्या नावाची किंमत किती धरायची आणि ती कोणाला द्यायची, याचा उल्लेख करारातच हवा.

कायद्याच्या तीन वाटा

‘विलीनीकरण’ हा शब्द सैलपणे वापरला जात असला, तरी कायद्याच्या दृष्टीने दोन छोट्या संस्थांपुढे तीन वेगवेगळ्या वाटा असतात.

पहिली वाट सहकार्य कराराची. दोन्ही संस्था स्वतंत्र राहतात, हिशेब वेगळे ठेवतात, परंतु जागा, छपाईची खरेदी किंवा एखादे मोठे काम वाटून घेतात. यात बांधिलकी कमी आणि धोकाही कमी.

दुसरी वाट भागीदारीची. बहुतेक छोट्या संस्था एकट्या मालकाच्या असतात आणि कायदा अशा संस्थेला मालकापासून वेगळे अस्तित्व देत नाही. दोन मालकांनी आपले व्यवसाय नव्या भागीदारी संस्थेत आणायचे, असे त्याचे स्वरूप असते. भारतीय भागीदारी कायदा १९३२ नुसार प्रत्येक भागीदार संस्थेच्या सर्व देण्यांना वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. म्हणजे एका भागीदाराने भरवशावर घेतलेल्या होर्डिंगच्या भाड्यासाठी दुसऱ्याच्या घरापर्यंत वसुली येऊ शकते. संस्थेची नोंदणी झालेली नसेल, तर थकबाकीसाठी ग्राहकावर दावा लावण्यातही अडचण येते. २००८ च्या कायद्याने आलेली मर्यादित दायित्व भागीदारी अर्थात एलएलपी हा यावरचा उपाय आहे. तिच्यात भागीदाराची जबाबदारी सर्वसाधारणपणे त्याने मान्य केलेल्या भांडवलापुरती राहते.

तिसरी वाट दोन खासगी मर्यादित कंपन्यांची. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २३३ अन्वये दोन ‘लहान कंपन्यांना’ राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे न जाता, जलद पद्धतीने विलीन होता येते. त्यासाठी एकूण समभागांच्या किमान ९० टक्के समभाग असणाऱ्या भागधारकांची आणि मूल्याने नऊ-दशांश देणेकऱ्यांची, म्हणजे ज्यांचे पैसे कंपनी देणे लागते त्यांची, संमती लागते. या दुसऱ्या अटीकडे लक्ष द्यायला हवे. छपाईवाला, होर्डिंगवाला आणि वृत्तपत्र हेच या व्यवसायातील मुख्य देणेकरी. त्यांचा विश्वास नसेल तर कायदेशीर विलीनीकरणही अडते.

कोणतीही वाट घेतली तरी कागदपत्रांचे काम टळत नाही. एकल मालकाचा जीएसटी क्रमांक त्याच्या पॅनशी जोडलेला असतो, त्यामुळे नव्या संस्थेला नवी नोंदणी घ्यावी लागते आणि जुन्या खात्यावरील न वापरलेले करश्रेय विहित नमुन्यात अर्ज करून हस्तांतरित करून घ्यावे लागते. आयएनएसची मान्यता, बँकेची कर्जमर्यादा आणि महापालिकेचे होर्डिंगचे परवाने विशिष्ट संस्थेच्या नावे असतात. ते नव्या संस्थेकडे आपोआप येतात, असे गृहीत धरणे महागात पडू शकते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्यानंतर होर्डिंगची मापे, परवाने आणि बांधकामाची मजबुती हा विषय सर्वत्र ऐरणीवर आला आहे. खारघर २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत येते. जोडीदाराकडील प्रत्येक होर्डिंगचा परवाना आणि संरचना तपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय ते आपल्या नावावर घेऊ नये.

मालमत्ता कोणती?

जाहिरात संस्थेकडे यंत्रसामग्री फारशी नसते. चार संगणक, एक छपाई यंत्र आणि भाड्याची जागा. तिची खरी मालमत्ता म्हणजे तिने केलेले काम, माणसे आणि येणी. या तिन्हींची नीट तपासणी व्हायला हवी.

कामाचा प्रश्न वरवर वाटतो त्याहून गुंतागुंतीचा आहे. छोट्या संस्था बोधचिन्हे आणि मजकूर अनेकदा बाहेरच्या व्यक्तीकडून करून घेतात. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांचीच मानली जाते. दहा वर्षांपूर्वी कोणा मुक्त चित्रकाराने काढलेले चिन्ह नवी संस्था ग्राहकाला ‘आपले’ म्हणून देऊ शकेलच असे नाही. तीच गोष्ट संकेतस्थळांच्या नावांची आणि समाजमाध्यमांवरील पानांची. ग्राहकाच्या पानाचा ताबा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकाला जोडलेला असतो आणि तो कर्मचारी नोकरी सोडून गेला की सगळ्यांचीच धावपळ उडते.

स्थावर मालमत्तेच्या जाहिरातींबाबत आणखी एक दक्षता हवी. महारेराच्या आदेशानुसार १ ऑगस्ट २०२३ पासून गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे आणि तो नसल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंड विकासकाला होतो, पण जाब जाहिरात संस्थेला विचारला जातो. जोडीदार संस्थेने आजवर असे नियम पाळले आहेत काय, हे तिच्या जुन्या जाहिराती चाळल्या तरी कळते.

येण्यांची तपासणी सर्वांत महत्त्वाची. ताळेबंदात दिसणारी येणी किती जुनी आहेत, हे ग्राहकनिहाय पाहावे. सहा महिन्यांपूर्वीचे येणे आणि मागच्या महिन्यातील येणे यांचे मोल सारखे धरता येत नाही. सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेला २००६ च्या कायद्यानुसार जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा आणि उशीर झाल्यास व्याज मागण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात ग्राहक दुखावेल या भीतीने हा हक्क क्वचितच बजावला जातो. म्हणून एकत्र येण्यापूर्वीची येणी आणि देणी ज्याची त्याने सांभाळायची, नव्या संस्थेने फक्त त्यानंतरच्या व्यवहारांची जबाबदारी घ्यायची, ही अट अनेक भांडणे टाळते.

माणसांचा हिशेब

दोन संस्था जुळल्या की पहिली चर्चा ‘दोन हिशेबनीस कशाला’ येथून सुरू होते आणि कर्मचाऱ्यांत अस्वस्थता पसरते. प्रत्यक्षात कायद्याची गणना उलट दिशेने चालते. समजा, एका संस्थेत बारा आणि दुसरीत नऊ माणसे आहेत. एकत्र आल्यावर ती एकवीस होतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधी लागू होतो आणि ग्रॅच्युइटीची मर्यादा दहाची आहे. जे दायित्व दोघांनाही वेगवेगळे असताना नव्हते, ते एकत्र येताच लागू होऊ शकते. कर्मचाऱ्याच्या दृष्टीने हा लाभ आहे आणि मालकाच्या दृष्टीने आधीच मांडून ठेवण्याचा खर्च.

त्याहून नाजूक बाब म्हणजे अंतिम शब्द कोणाचा. दोन मालकांनी आजवर आपापल्या संस्थेत एकहाती निर्णय घेतलेले असतात. जाहिरातीचा मसुदा कोण मंजूर करणार, उधारी कोणाला द्यायची हे कोण ठरवणार, पन्नास-पन्नास टक्के वाटा असताना मतभेद झाल्यास तोड काय, या प्रश्नांची उत्तरे मैत्रीच्या भरात टाळली जातात. निर्मितीचे काम एकाकडे आणि ग्राहक व वसुली दुसऱ्याकडे, अशी स्पष्ट विभागणी येथे उपयोगी पडते. दोघेही एकाच कामात निष्णात असतील, तर ही विभागणी कठीण जाते. पूरकतेचा मुद्दा येथेही लागू पडतो.

बाहेर पडण्याची वाटही आरंभीच आखावी लागते. करारात वेगळी तरतूद नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संस्था विसर्जित होते. एखादा भागीदार बाजूला झाला, तर त्याचे ग्राहक त्याच्याबरोबर जाणार काय, तो त्याच सेक्टरात पुन्हा दुकान थाटणार काय, याचा निर्णय संबंध गोडीचे असतानाच करणे सोपे असते.

हे सारे पाहता घाईने पाटी बदलण्यापेक्षा एका हंगामाची चाचणी घेणे श्रेयस्कर. गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतचे एखादे मोठे काम दोन्ही संस्थांनी सहकार्य करारावर मिळून करावे. हिशेब वेगळे ठेवावेत, पैसे कोणी व किती दिवसांत वसूल केले, याची नोंद ठेवावी, मतभेद कोठे झाले ते लिहून ठेवावे. दिवाळीनंतर दोघांनी ती वही समोर घेऊन बसले, तर भागीदारी करावी की शेजारधर्मच बरा, याचे उत्तर तीत सापडेल. दोन्हीकडच्या वीस-एकवीस कुटुंबांचा प्रपंच त्या उत्तरावर चालणार असल्याने तेवढी सबुरी राखायलाच हवी.